पेट्रोलच्या वासाचा इतिहास

गेल्या मे महिन्यात सोलापुरात माझी गाडी अडून बसायला लागली. टाकी फुल्ल केली की पंपावरून निघताना ती सुरूच व्हायची नाही. चार-पाच वेळा चावी फिरवली, ॲक्सिलरेटर दाबून धरला की खोकत खोकत सुरू व्हायची आणि दोन-तीन मिनिटांनी ठीकठाक चालायची. मग एक दिवस डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला. मी गॅरेज गाठलं.

तिथला पोरगा विशी-बाविशीतला असेल. त्यानं स्कॅनर लावला, बॉनेट उघडलं आणि इंजिनजवळची एक बोटभर जाडीची नळी काढून तिच्या तोंडाशी असलेला छोटा व्हॉल्व्ह तळहातावर आपटला. आतून काळे दाणे पडले, मोहरीपेक्षा थोडे मोठे. "सर, कॅनिस्टर गेलाय. आतला कोळसा फुटून व्हॉल्व्हमध्ये अडकलाय," तो म्हणाला. "नवीन टाकायचा तर खर्च आहे. नाहीतर नळी बंद करून टाकतो, दिवा पण विझवून देतो. गाडीला काय फरक पडत नाही."

गाडीला काय फरक पडत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि ते म्हणणारा माणूस माझा बाप होता.

अब्बांचं गॅरेज हैदराबाद रोडला होतं. वर पत्रे, खाली तेलानं काळी पडलेली जमीन आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाने. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे नव्या पद्धतीच्या गाड्या यायला लागल्या, तेव्हा त्यांना बॉनेटखाली एक काळा डबा दिसू लागला. त्यात तेल नाही, पाणी नाही, वायर नाही, फक्त दोन-तीन नळ्या. त्यांनी एक डबा कापून पाहिला. आत कोळसा. त्या दिवशी ते घरी येऊन हसत होते. "गाडी में कोयला भरके बेच रहे लोगां. ये डब्बा कायकू लगाए, मालूम नै."

त्यानंतर कुठल्याही गाडीचा तो डबा खराब झाला, की अब्बा तो काढून टाकत आणि नळीच्या तोंडात बोल्ट ठोकून देत. गिऱ्हाईकाचे पैसे वाचवले, याचं त्यांना समाधान असे. ते बेइमान नव्हते. त्या डब्याचं काम त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. या लेखात मी तेच सांगायचा प्रयत्न करणार आहे. अब्बांना सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहितो आहे.

हल्ला जपानचा नव्हता

या डब्याची गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. २६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्या दिवशी शहरावर करड्या-तपकिरी धुक्याची चादर उतरली. लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, घशात आग होऊ लागली. काहींना वाटलं, जपाननं विषारी वायू सोडला.

जपानचा काही संबंध नव्हता. मग संशय आला शहरातल्या एका कारखान्यावर, जिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाईन बनत असे. लोकांच्या दबावामुळे तो काही काळ बंद ठेवला. धुकं गेलं नाही. मग कचरा जाळणाऱ्यांवर, गिरण्यांच्या धुराड्यांवर बोट दाखवून झालं. १९४७ साली हवेच्या प्रदूषणासाठी जिल्हा पातळीवर स्वतंत्र खातं उभं राहिलं. धुराड्यांवर बंधनं आली. धुकं तरीही येतच राहिलं, आणि त्याची एक गंमत होती. लंडनचं धुकं थंडीत आणि कोळशाच्या धुरानं यायचं. हे मात्र उन्हाच्या दिवसांत, स्वच्छ सूर्यप्रकाशात यायचं. रबराच्या टायरांना भेगा पडत, पालकासारख्या भाज्यांची पानं चंदेरी, भाजल्यासारखी होत.

हे कोडं सोडवलं ते एका अशा माणसानं, ज्याचा मोटारींशी काही संबंध नव्हता. आरी हागेन-स्मिट हा नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा, जन्म १९००चा. कॅलटेक या संस्थेत तो जीवरसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि अननसाचा वास नेमका कशानं येतो, याचा अभ्यास करत होता. त्यासाठी तो फळाभोवतीची हवा अतिशय थंड नळीतून नेई, म्हणजे वासाचे पदार्थ गोठून नळीत साठत आणि त्यांची तपासणी करता येई. हीच युक्ती त्यानं खिडकीबाहेरच्या हवेवर वापरली. नळीत अननसाच्या अर्काऐवजी उग्र वासाचा तपकिरी द्रव जमा झाला.

पुढच्या काही वर्षांत त्यानं दाखवून दिलं, की या धुक्याचा मुख्य घटक कुठल्याच धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. तो हवेतच तयार होतो. पेट्रोलसारख्या इंधनातले हायड्रोकार्बन आणि जळणातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साईड यांच्यावर ऊन पडलं, की ओझोन बनतो. आकाशात उंचावर आपलं रक्षण करणारा हा वायू जमिनीजवळ फुप्फुसं जाळतो. वाकवलेल्या रबराच्या पट्टीला किती वेळात भेगा पडतात, यावरून हागेन-स्मिट ओझोन मोजत असे. १९५२ साली त्याचं हे संशोधन प्रसिद्ध झालं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हायड्रोकार्बन म्हणजे फक्त सायलेन्सरमधून निघणारा धूर नव्हे. न जळलेलं, नुसतं उडून गेलेलं पेट्रोलही हायड्रोकार्बनच. म्हणजे रात्रभर दारात उभी असलेली, इंजिन बंद असलेली गाडीसुद्धा दुसऱ्या दिवशीच्या धुक्यासाठी सामान पुरवत असते.

उभी गाडी श्वास घेते

अब्बांच्या गॅरेजमध्ये शिरलं की पहिल्यांदा पेट्रोलचा वास यायचा. मला तो आवडायचा. लहान मुलांना आवडतोच. पण हा वास येतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पेट्रोल हा एक पदार्थ नाही, शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक, म्हणजे ब्युटेन, पेंटेन वगैरे, साध्या हवेतच उडू लागतात. टाकी अर्धी भरलेली असेल तर वरची अर्धी जागा हवा आणि या वाफांनी भरलेली असते. सकाळी ऊन चढलं की टाकी तापते, वाफ वाढते, फुगते आणि बाहेर पडायला वाट शोधते. संध्याकाळी टाकी थंड झाली की आतला दाब कमी होतो आणि टाकी बाहेरची हवा आत ओढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी बेचाळीस अंश आणि पहाटे पंचवीस-सव्वीस. उभ्या गाडीची टाकी दिवसातून एक लांब उच्छ्वास आणि एक लांब श्वास घेते. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर पेट्रोल जातं.

दुसरी वाट इंजिनची. जुन्या गाडीत कार्बरेटर असे. त्याच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम साठलेलं असे. गाडी चालत असताना ते वाहतं, पण गाडी बंद केली की गरम इंजिनच्या अंगावर ती वाटी तशीच तापत राहते. अर्ध्या तासात त्यातलं बरंच पेट्रोल उडून जाई. म्हणूनच उन्हाळ्यात जुन्या फियाट-ॲम्बेसेडर दुपारच्या थांब्यानंतर लवकर सुरू होत नसत. अब्बा त्यावर ओलं फडकं टाकत. तिसरी वाट रबरी नळ्यांची. पेट्रोल रबरातून आणि साध्या प्लास्टिकमधून हळूहळू झिरपतं. कुठे थेंब दिसत नाही, पण बाहेर येतंच. चौथी वाट पंपावरची. टाकीत जेवढं पेट्रोल ओततो, तेवढीच वाफ भरलेली हवा टाकीच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते.

नियम येण्यापूर्वीच्या गाड्यांचा हिशोब साधारण असा मांडला जातो: गाडीतून बाहेर पडणाऱ्या एकूण हायड्रोकार्बनांपैकी सुमारे ६० टक्के सायलेन्सरमधून, २० टक्के इंजिनच्या क्रँककेसमधून आणि उरलेले २० टक्के टाकी व कार्बरेटरच्या वाफांतून. पाचवा हिस्सा, तोही एक मैलसुद्धा न चालता.

ज्यांना माहीत होतं, त्यांनी काय केलं

हागेन-स्मिटचं म्हणणं सगळ्यांनी लगेच मान्य केलं, असं झालं नाही. तेल कंपन्यांच्या संघटनेनं पैसे देऊन चालवलेल्या संशोधनातून त्याच्या निष्कर्षांवर शंका घेतल्या गेल्या. १९५३ साली लॉस एंजेलिसचे एक लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी फोर्ड कंपनीला पत्र लिहून विचारलं, की गाड्यांच्या धुराबद्दल तुम्ही काय करता आहात? उत्तर आलं, की हा धूर हवेत चटकन विरून जातो, त्याचा काही प्रश्न नाही. हान पुढची कित्येक वर्षं डेट्रॉइटच्या कंपन्यांना पत्रं लिहीत राहिले.

१९६९ साली अमेरिकेच्या न्याय खात्यानं मोटार उत्पादकांच्या संघटनेवर आणि मोठ्या कंपन्यांवर खटला भरला. आरोप असा, की १९५०च्या दशकापासून त्यांनी आपसात संगनमत करून प्रदूषण रोखणारी उपकरणं बाजारात आणायला उशीर लावला. खटला चालून निकाल लागण्याआधीच त्याच वर्षी तडजोड झाली. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला नाही, पण असं संगनमत यापुढे न करण्याचं मान्य केलं.

मला या इतिहासात सगळ्यात जास्त खटकतं ते हे. सोलापूरच्या एका फिटरला डब्याचं काम माहीत नव्हतं, हे समजू शकतं. पण ज्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या, इंजिनियर होते, पैसा होता, त्यांना कळूनही ते थांबले. अज्ञान आणि दिरंगाई यांचा परिणाम हवेवर सारखाच होतो, पण हिशोब मात्र वेगळा मांडायला हवा.

कायद्यानं मग एक-एक वाट बंद करायला घेतली. कॅलिफोर्नियानं आधी क्रँककेसची वाफ परत इंजिनात सोडायला लावली, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. मग सायलेन्सरच्या धुरावर १९६६च्या गाड्यांपासून मर्यादा आली. १९६७ साली राज्याचं हवा मंडळ स्थापन झालं, आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला तोच अननसवाला प्राध्यापक, हागेन-स्मिट. १९७०च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९७१पासून साऱ्या अमेरिकेत उडणाऱ्या वाफेवर बंधन आलं. तेव्हा बॉनेटखाली काळा डबा आला.

कोळसाच का?

कोळशाला वास आणि रंग धरून ठेवायची सवय आहे, हे जुनंच ज्ञान. आपल्याकडे पाण्याच्या माठाखाली वाळू-कोळशाचे थर लावून पाणी गाळत, ते याचमुळे. १७८५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये टोबियास लोविट्झ या रसायनतज्ज्ञानं कोळशानं द्रवांचा रंग उडतो हे नोंदवलं. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले, तेव्हा रशियात निकोलाय झेलिन्स्कीनं कोळशाचा मुखवटा तयार केला. अमेरिकेत तर सैनिकांच्या मुखवट्यांसाठी नारळाच्या करवंट्या आणि पीच फळाच्या बिया जाळून कोळसा केला गेला आणि लोकांना घरोघरी बिया जमवायला सांगण्यात आलं.

साधा कोळसा आणि हा 'सक्रिय' कोळसा यांत फरक आहे. वाफ किंवा आम्ल वापरून त्याच्या आत असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडलेली असतात. त्यामुळे एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर जातो. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर कोळशात सात-आठ मैदानं घडी घालून ठेवलेली. पेट्रोलच्या वाफेचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. स्पंज पाणी पितो तसं ते आत मुरत नाहीत, भिंतीवर फक्त बसतात. म्हणूनच त्यांना उठवताही येतं.

इथेच खरी हुशारी आहे. मुखवट्यातला कोळसा एकदा भरला की फेकून द्यायचा. गाडीत तसं केलं असतं, तर दर काही दिवसांनी डबा बदलावा लागला असता. १९६७ साली एस्सो या तेल कंपनीच्या संशोधकांनी यावर उपाय मांडला. गाडी उभी असताना टाकीची आणि कार्बरेटरची वाफ डब्यात जाऊन कोळशाला चिकटेल. गाडी चालू लागली की इंजिन स्वतःच्या ओढीनं डब्यातून ताजी हवा उलट खेचेल. ती हवा कोळशावरची वाफ सोडवून आत नेईल आणि सिलिंडरमध्ये ती जळून जाईल. वाफ जळाली म्हणजे ती वायाही गेली नाही, आणि डबा पुन्हा रिकामा. रात्री भरायचा, दिवसा मोकळा व्हायचा. सुरुवातीला काही कंपन्यांनी कोळशाऐवजी वाफ क्रँककेसमध्येच साठवून पाहिली, पण शेवटी सगळे कोळशावरच आले.

म्हणूनच यासाठी वायूच्या मुखवट्यातला करवंटीचा कोळसा फारसा वापरत नाहीत. त्याची छिद्रं फार बारीक असतात, ती वाफ इतकी घट्ट धरतात की सोडतच नाहीत. गाडीसाठी बहुधा लाकडापासून केलेला, जरा मोठ्या छिद्रांचा कोळसा लागतो. धरायचं किती हे जेवढं महत्त्वाचं, तेवढंच सोडायचं किती हेही.

आजच्या गाडीत ही व्यवस्था अशी असते. टाकीचं झाकण हवाबंद. टाकीच्या वरून एक नळी डब्यात जाते. तिच्या तोंडाशी असा व्हॉल्व्ह, की गाडी उलटली किंवा पेट्रोल काठोकाठ आलं तर तो बंद व्हावा आणि द्रव पेट्रोल डब्यात जाऊ नये. डब्याला एक तोंड बाहेरच्या हवेकडे, दुसरं इंजिनकडे. इंजिनकडच्या तोंडावर विजेवर चालणारा तो छोटा व्हॉल्व्ह, ज्याला गॅरेजमध्ये पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन थंड असताना तो बंद राहतो. इंजिन गरम झालं, गाडीनं वेग घेतला, की संगणक त्याला टक-टक करत थोडा थोडा उघडतो. डब्यातून वाफ आली की सायलेन्सरजवळचा ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि संगणक तेवढं पेट्रोल इंजेक्टरमधून कमी सोडतो.

माझ्या गाडीचं दुखणं आता तुमच्याही लक्षात आलं असेल. पंपावर कट झाल्यावरसुद्धा मी 'राउंड फिगर कर' म्हणत आणखी भरायला लावत होतो. असं वारंवार केलं की पेट्रोल वाफेच्या वाटेनं डब्यात उतरतं. भिजलेला कोळसा फुटतो. त्याचे दाणे व्हॉल्व्हमध्ये अडकले आणि तो उघडाच राहिला. टाकी भरताच डब्यातली सगळी वाफ एकदम इंजिनात जायची आणि सुरू होतानाच त्याला पेट्रोल जास्त व्हायचं. म्हणून ते खोकायचं. पाच-दहा रुपयांचा आकडा गोल करण्याच्या नादात मी हजारोंचा डबा बुडवला होता.

दोन ग्रॅम

नियम आला म्हणून प्रश्न मिटला, असं नाही. सुरुवातीच्या चाचणीत गाडीच्या ज्या तोंडांतून वाफ येते असं माहीत होतं, त्या तोंडांवर कोळशाच्या डब्या लावून त्यांचं वजन वाढलं किती, ते बघत. १९७२च्या मॉडेलना मर्यादा होती चाचणीमागे २ ग्रॅम. कागदावर गाड्या पास होत. शहरातली हवा मात्र तेवढी सुधारत नव्हती. कारण वाफ ज्या तोंडांवर डबी नव्हती, तिथूनही येत होती, म्हणजे जोडांतून, नळ्यांतून, झाकणातून.

मग पद्धत बदलली. अख्खी गाडी एका हवाबंद खोलीत ठेवायची, टाकीतलं पेट्रोल सकाळच्या उन्हासारखं सुमारे १६ अंशांपासून २९ अंशांपर्यंत तापवायचं, गरम इंजिनची गाडी आत आणून बंद करायची, आणि खोलीतल्या हवेत किती हायड्रोकार्बन जमले ते मोजायचं. या खोलीला शेड म्हणतात. १९७८ साली या नव्या चाचणीची मर्यादा ६ ग्रॅम ठेवली गेली, आणि तरी ती आधीच्या २ ग्रॅमपेक्षा कितीतरी कडक होती. १९८१मध्ये ती २ ग्रॅमवर आली. मला या आकड्यांतून एक धडा दिसतो. कुठे मोजायचं हे ठरवणाऱ्याच्या हातात निकाल असतो. पुढे १९९०च्या दशकात चालत्या गाडीची, अनेक दिवस उभ्या गाडीची आणि पेट्रोल भरतानाची वाफही अमेरिकेनं नियमांत आणली. तिथल्या गाड्या आता स्वतःच स्वतःची गळती तपासतात. अर्ध्या मिलिमीटरचं भोकसुद्धा त्यांना कळतं.

भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली १९९१मध्ये, आणि १९९६च्या नियमांत उडणाऱ्या वाफेसाठी २ ग्रॅमची मर्यादा आली. अब्बांच्या गॅरेजमध्ये काळे डबे दिसू लागले ते त्यानंतर. याच सुमारास, १९९५मध्ये चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल आलं, २०००मध्ये देशभर. दुचाकींना हा डबा लागला तो थेट बीएस-४मध्ये, २०१७च्या आसपास. आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त संख्या दुचाकींचीच आहे, हे लक्षात घेतलं तर हा उशीर किती मोठा होता ते कळतं. गाड्यांच्या अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे, १९६६पासून. सोलापूर तिथून अडीचशे किलोमीटर. पण टेकडीवरचं ज्ञान हैदराबाद रोडच्या पत्र्याखाली पोहोचायला कुणी रस्ताच बांधला नाही. नव्या गाडीबरोबर कंपनीच्या शोरूममधल्या मेकॅनिकांना प्रशिक्षण मिळतं. वॉरंटी संपली की गाडी येते ती उस्तादांच्या गॅरेजमध्ये, आणि तिथली तालीम एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. एकाला जे माहीत नाही, ते पुढच्या दहा शागिर्दांनाही माहीत होत नाही.

आणि सगळ्यात आधी नुकसान होतं ते यांचंच. पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं. ते माणसात कॅन्सर घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून आपल्या पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण आता १ टक्क्याच्या आत बांधलेलं आहे. पण अब्बांची पिढी तोंडानं नळी ओढून टाकीतून पेट्रोल काढायची, पेट्रोलनं हात धुवायची, पेट्रोलमध्ये सुटे भाग खळबळायची. वाफ रोखणारा डबा फेकून देणारी माणसंच वाफेच्या सर्वांत जवळ उभी होती.

स्कार्स्ट्रॉमची फुसफुस

आता शेवटची गोष्ट. एस्सोच्या १९६७च्या त्या निबंधावर ज्या संशोधकांची नावं आहेत, त्यात एक आहे चार्ल्स स्कार्स्ट्रॉम. हे नाव वाचून मी थबकलो, कारण ते मी आधी एकदा शोधलं होतं, अगदी वेगळ्या कारणासाठी.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. अब्बा दवाखान्यातून घरी आले ते ऑक्सिजनच्या आधारावर. दोस्तांच्या धावपळीतून एक कॉन्सन्ट्रेटर मिळाला. तो रात्रंदिवस त्यांच्या खाटेशेजारी चालू असे. काही सेकंद घरघर, मग फुस्स. पुन्हा घरघर, पुन्हा फुस्स. अब्बांचा फिटरचा कान. मास्क बाजूला करून ते म्हणाले, "इसके अंदर क्या है रे? दो सिलिंडर बदल-बदल के चल रहे."

मी मोबाइलवर शोधलं. ते बरोबर होते. आत दाणे भरलेली दोन नळकांडी असतात. एकातून दाबाखाली हवा जाते, दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. तोवर दुसऱ्यातला दाब सोडून, थोडी शुद्ध हवा उलट फिरवून, त्यानं धरलेलं बाहेर टाकलं जातं. मग पाळी बदलते. या पद्धतीला स्कार्स्ट्रॉमचं चक्र म्हणतात. १९६०चं पेटंट आहे त्याच्या नावावर. त्या वर्षी आपल्याकडे गावोगावच्या दवाखान्यांत उभे राहिलेले पीएसए प्लांटही याच तत्त्वावर चालतात.

मी अब्बांना एवढंच सांगितलं, की दाणे एकदा धरतात, एकदा सोडतात. ते बराच वेळ ऐकत पडले. मग म्हणाले, "अच्छा दिमाग लगाया." जूनमध्ये ते गेले.

धरायचं, उलट्या हवेनं सोडवायचं, पुन्हा धरायचं. त्यांच्या खाटेशेजारी चाललेलं तत्त्व आणि त्यांनी वीस वर्षं काढून फेकलेल्या डब्यातलं तत्त्व एकाच घराण्यातलं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी सांगितलं असतं. त्यांना ते आवडलं असतं. बहुधा ते हसले असते, आणि मग गप्प झाले असते.

मी गॅरेजमधल्या त्या पोराला नळी बंद करू दिली नाही. नवा डबा आणि व्हॉल्व्ह मागवले. दोन दिवसांनी ते आले. त्यानं बसवायला घेतले तेव्हा मी शेजारी स्टूल ओढून बसलो आणि जुना डबा करवतीनं कापायला सांगितला. कोळसा वर्तमानपत्रावर पसरला. मग टाकीपासून इंजिनपर्यंत बोट फिरवत मी त्याला सगळं सांगितलं. वाफ कुठून येते, कुठे बसते, कोण ओढतं, कुठे जळते. त्यानं एकदाच विचारलं, "म्हणजे आम्ही बंद करतो तेव्हा हे सगळं बाहेर जातं? इथंच?" त्यानं मान वर करून गॅरेजच्या पत्र्याकडे पाहिलं.

इथंच, मी म्हणालो. तू जिथं दिवसभर उभा असतोस तिथं.

परवा त्याचा फोन आला होता. एका मोटारसायकलवाल्याचा डबा खराब झालाय, तो काढून टाका म्हणतोय, त्याला काय सांगू? मी म्हटलं, मला जे विचारलंस तेच त्याला सांग.